दाब, प्रवाह व रोध : कणकवलीवरून जाणाऱ्या विद्युत्-मार्गाचे एक उदाहरण

विद्युत्-मंडलाच्या एखाद्या भागातील दाब व प्रवाह ही दोन मापे हाती आली म्हणजे त्या भागाचा रोध व त्यात खर्ची पडणारी शक्ती गणिताने काढता येते. दाबासाठी 'दा', प्रवाहासाठी 'प्र', रोधासाठी 'रो' व शक्तीसाठी 'श' ही अक्षरे योजल्यास रो = दा ÷ प्र व श = दा × प्र ही दोन मूळ सूत्रे होत. यांतील पहिले सूत्र दुसऱ्यात घातले असता श = प्र² × रो व श = दा² ÷ रो अशी आणखी दोन रूपे मिळतात. ही चारही सूत्रे शालेय अभ्यासक्रमातील आहेत. परंतु त्यांतील 'दा' हा नेमका कोणत्या दोन बिंदूंमधील दाब, हा प्रश्न मात्र पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही चकवू शकतो.

रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून कणकवली स्थानकावरील तारेत २५,००० व्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह खेळतो. भारतातील पहिली विद्युत्-गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर धावली, ती मात्र १,५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहावर. मुंबईचे उपनगरी मार्गही पुढे टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टवर आणण्यात आले. दाब वाढविल्याने तारेतील नाश घटतो, हे त्यामागील एक प्रमुख कारण होय. आता श = प्र² × रो या सूत्राने हे विधान पटते; पण श = दा² ÷ रो या सूत्राकडे पाहता दाब वाढला की नाशही वाढावा, असे दिसते. मग दोहोंपैकी खरे कोणते?

यासाठी सोयीचे आकडे घेऊन एक उदाहरण मांडता येईल. एका एंजिनाला ४,५०० किलोवॅट शक्ती हवी आहे, आणि वीज पुरविणाऱ्या उपकेंद्रापासून एंजिनापर्यंतची तार व परतीचे रूळ यांचा मिळून रोध ०.१ ओहम आहे, असे समजू. एंजिनापाशी १,५०० व्होल्ट दाब असल्यास प्रवाह ३,००० अँपिअर येतो. तारेतील नाश ३,०००² × ०.१, म्हणजे ९०० किलोवॅट होतो. एंजिनाला मिळणाऱ्या शक्तीचा हा पाचवा हिस्सा झाला. दाब २५,००० व्होल्ट असल्यास तेवढ्याच शक्तीसाठी १८० अँपिअर पुरतात व नाश १८०² × ०.१, म्हणजे अवघा ३.२४ किलोवॅट राहतो. दाब सुमारे १६.७ पट झाला, तर नाश सुमारे २७८ पटींनी घटला, १६.७ चा वर्ग तेवढाच येतो.

याउलट श = दा² ÷ रो या सूत्रात २५,००० व्होल्ट व ०.१ ओहम घातल्यास उत्तर ६,२५० मेगॅवॅट येते. कोयना जलविद्युत् प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची एकत्रित क्षमता १,९६० मेगॅवॅट आहे. एका गाडीच्या तारेत त्याच्या तिपटीहून अधिक शक्ती जळावी, हे उघडच असंभवनीय आहे. सूत्र खोटे नाही. त्यात घातलेला दाब भलत्या ठिकाणचा आहे. २५,००० व्होल्ट हा तार व रूळ यांमधील, म्हणजे एंजिनाला मिळणारा दाब होय. ०.१ ओहम रोधाच्या दोन टोकांमधील दाब निराळा : १८० × ०.१, म्हणजे १८ व्होल्ट. तो घेतल्यास १८² ÷ ०.१ हे उत्तर पुन्हा ३,२४० वॅटच येते. १,५०० व्होल्टच्या बाबतीत हीच घट ३०० व्होल्ट असून ३००² ÷ ०.१ म्हणजे ९०० किलोवॅट होतात. दोन्ही सूत्रांतील विरोध अशा रीतीने मिटतो.

एंजिनापाशी मोजलेल्या दाबाला प्रवाहाने भागल्यास काय मिळते, हेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या बाबतीत भागाकार ०.५ ओहम येतो, दुसऱ्या बाबतीत सुमारे १३९ ओहम. परंतु एवढ्या रोधाची तार एंजिनात कोठेही गुंडाळलेली नसते. घेतलेल्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णतेत न जाता गाडी ओढण्याच्या कामी लागतो. चढावर हा भागाकार कमी होतो, उतारावर वाढतो. ओहमने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम स्थिर तापमानाच्या धातूसारख्या वाहकांना लागू आहे. तेथेच हा भागाकार प्रवाह बदलला तरी कायम राहतो. अन्यत्र तो केवळ त्या क्षणीच्या भाराचे माप ठरतो.

प्रत्यावर्ती प्रवाहात आणखी एक सावधगिरी लागते. तारेच्या प्रवर्तकतेमुळे तेथील दाबातील घट १८ व्होल्टांहून अधिक असते. तिला प्रवाहाने भागल्यास रोध नव्हे, तर रोध व प्रवर्तकता या दोहोंचा मिळून होणारा संरोध मिळतो. तसेच दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराला शक्तिगुणकाने गुणल्यावाचून खरी शक्ती कळत नाही. वरील उदाहरणात तो १ धरला आहे. प्रवर्तकतेत साठलेली ऊर्जा दर आवर्तनात परत मिळते, रोधात गेलेली मात्र परत येत नाही. म्हणून तारेतील नाश काढताना प्र² × रो हे रूप सर्वांत निर्धोक ठरते. एकापुढे एक जोडलेल्या भागांतून प्रवाह एकच वाहतो, दाब मात्र प्रत्येक भागावर वेगळा पडतो.