मोसमकाठचा पिवळ्या टोपीचा विणकर

सरका जवळ पोरांनो, वात जरा वर चढवतो नि आज तुम्हाला आपल्याच गावच्या एका फेऱ्याची गोष्ट सांगतो. विलायतेत म्हणे माणसं सुट्टीच्या दिवशी मुद्दाम नदीकाठ धरून निघतात, वाटेतली दोन-चार जुनी गावं, एखादं चर्च, कुरणं नि शेतं बघत बघत संध्याकाळी जिथून निघाली तिथंच परत येतात, आणि अशा वाटांना तिथं खुणेच्या पाट्यासुद्धा लावलेल्या असतात. तसला फेरा आपल्या मालेगावालाही आहे, पाटी तेवढी कुणी ठोकलेली नाही.

मोसम पुलावरून निघायचं. ही मोसम बागलाणच्या डोंगरातून येते, हरणबारीचं धरण भरते, मग आपल्या गावातून वाहत खाली गिरणेला जाऊन मिळते. काठावरच नारोशंकर राजेबहादुरांचा भुईकोट, १७४०च्या सुमाराचा. या कोटापाशी इंग्रज एकदा येऊन गेले, १८१८च्या मे महिन्यात, पण ते काही पाय मोकळे करायला नव्हे. आतल्या अरब शिबंदीनं त्यांना जवळजवळ महिनाभर बाहेर झुंजवत ठेवलं, शेवटी किल्ल्यातलं दारूचं कोठार उडालं तेव्हा कुठं जूनमध्ये दरवाजा उघडला.

कोट मागं टाकून संगमाकडं जावं, आणि मग गिरणेच्या काठानं चंदनपुरी गाठावी. ही खंडोबाच्या बानूची चंदनपुरी. सारीपाटात म्हाळसेशी हरलेला देव इथं येऊन धनगराकडं मेंढरं राखायला राहिला, ती कथा तुम्ही वाघ्या-मुरळीच्या तोंडून ऐकलीच असेल, आणि पौषातली यात्रा तर पाहिलीच आहे, म्हणून तिथं फार रेंगाळत नाही. परत येताना मात्र सडकेनं यायचं नाही, शेतांच्या बांधांनी यायचं, आणि तेही पावसाळ्यात, चिखल तुडवत.

बांधांवरून चालताना पाण्याची एक जुनी रीत आठवते. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर आपल्या माणसांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी दगड-चुन्याचे बंधारे घातले, त्यातून पाट काढले, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड पाडले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्यानं द्यायचं, राखण जागल्यानं करायची, आणि त्यांचा मोबदला धान्यात. पाऊस कमी झाला तर एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे एकट्याचंच शेत वाळलं असं होत नाही. हिशेब असा चोख की कागदाची गरज पडत नसे. असो, मला सांगायचं होतं ते पुढंच आहे.

विहिरीवर ओणवलेली एखादी काटेरी बाभूळ दिसली की थांबा नि वर बघा. वीस-वीस, तीस-तीस घरटी लोंबत असतात, ती सुगरणीची. आपल्या बहिणाबाईंनी या खोप्यावर कविता केली नि पाखरू घरोघरी पोचलं, पण गंमत अशी की खोपा विणतो तो नर. विणीच्या दिवसांत डोक्यावर पिवळीधमक टोपी चढवलेला हा गडी उसाच्या किंवा शिंदीच्या पात्याच्या कडेला चोचीनं खाच पाडतो, टोक चोचीत धरून भुर्रकन उडतो, तशी पात्याची लांब चिरी सुटून त्याच्यासोबत निघते. पहिल्यांदा तो फांदीला गाठ मारतो, मग कडं करतो, मग शिरस्त्राणासारखा अर्धा घुमट. एका घरट्यापायी त्याच्या शेकडो खेपा होतात.

अर्धा घुमट झाला की काम थांबतं. आता तो त्याखाली उलटा लोंबकळून पंख फडफडवतो, ओरडतो, गिऱ्हाईक बोलावतो. मादी येते, आत बसते, आणि सूत बाजारातला व्यापारी कापड ताणून बघतो तसे चोचीनं धागे ओढून बघते. पसंत पडलं तर ती राहते, आणि मग तो खालची नळी विणून घर पुरं करतो. नाही पडलं तर ते अर्धंच लोंबत राहतं. बाभळीवर असे बरेच अर्धवट घुमट दिसतील, ते बहुतेक नापसंतीचे.

आत ओल्या मातीचे गोळेही थापलेले असतात. त्यांना काजवा चिकटवून मादी रात्री दिवा लावते असं सांगणारे पुष्कळ आहेत, दाखवणारा मला एकही भेटला नाही. मातीच्या वजनानं घरटं वाऱ्यात कमी हेलकावतं, असं जाणकार मानतात, आणि ते पटतं. घरटी बहुतेक झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपत येतो. काटे आणि खाली पाणी, म्हणजे साप चढायला कचरतो. एवढं शहाणपण नखाएवढ्या डोक्यात.

पण गड्याचा खरा स्वभाव उघडा पाडला तो पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी. १९३०च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी या घरट्यांवर डोळा ठेवला, तेव्हा दिसलं की मादीनं अंडी घातली रे घातली, की हा बहाद्दर शेजारच्या फांदीवर दुसरं घर विणायला लागतो, आणि तिथं दुसरी येऊन राहते. अंडी उबवणं नि पिलांना भरवणं बायकांच्या गळ्यात, हा टोपी घालून पुढच्या फांदीवर. मालेगावच्या मागांवर एवढी मोकळीक कुठल्या विणकराला मिळायची!

दिवाळीपर्यंत पिलं उडून जातात, रंग ओसरून नर मादीसारखाच मातकट होतो, नि मग रिकाम्या खोप्यात मुनिया येऊन बिनभाड्यानं राहतात.