पाय धरणारे, पाय सोडणारे पेडल

डोंगरउतारावर सायकल दामटणाऱ्या स्वाराच्या कारकीर्दीत एक ना एक मोठी दुखापत बहुधा ठरलेली असते. कुणाच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटते, कुणाचा घोटा पिरगळतो, तर कुणाच्या कॉलरबोनमध्ये धातूची पट्टी बसते. शस्त्रक्रिया होते, फिजिओथेरपीचे कंटाळवाणे महिने सरतात आणि अखेर डॉक्टर सायकल चालविण्यास अनुमती देतात. त्या क्षणी स्वारापुढे जे प्रश्न उभे राहतात त्यांत एक वरकरणी किरकोळ वाटणारा प्रश्न असतो. पाय पुन्हा पेडलला जखडायचा की मोकळाच ठेवायचा? आणि जखडायचाच, तर कोणत्या पेडलला?

या पेडलला इंग्रजीत ‘क्लिपलेस’ म्हणतात आणि हे नाव नवख्याला हमखास गोंधळात पाडते. बुटाला पेडलशी अडकविणाऱ्या पेडलला ‘क्लिप नसलेले’ का म्हणावे? त्याचे उत्तर इतिहासात आहे. पूर्वी शर्यतीतील स्वार पेडलवर धातूचा पिंजरा बसवून त्यात बुटाचा पुढचा भाग खुपसत आणि चामडी पट्ट्याने तो आवळून घेत. त्या पिंजऱ्याला ‘टो क्लिप’ म्हणत. नव्या पेडलमध्ये हा पिंजरा गेला, म्हणून ते क्लिपलेस. पिंजऱ्याच्या जागी आली ती बुटाच्या तळव्याला स्क्रूने बसविलेली धातूची वा प्लास्टिकची छोटी पट्टी, अर्थात क्लीट, आणि तिला पकडणारा पेडलमधील स्प्रिंगचा जबडा.

बर्फावरून रस्त्यावर, रस्त्यावरून डोंगरात

ही कल्पना सायकलच्या दुनियेत आली ती बर्फावरून. स्कीइंग करणाऱ्याचा बूट पट्टीला घट्ट बसावा, परंतु तो पडला तर पाय मोडण्याआधी बूट सुटावा, यासाठी फ्रान्समधील ‘लुक’ ही कंपनी बंधने तयार करीत असे. हेच तत्त्व वापरून तिने १९८४ मध्ये सायकलचे पेडल बाजारात आणले आणि १९८५ मध्ये बर्नार्ड इनो याने ते वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. याच इनोला १९८३ च्या टूरला गुडघ्याच्या दुखण्यामुळे मुकावे लागले होते. मात्र सुरुवातीच्या या पेडलमध्ये पाय एकाच कोनात जखडला जाई आणि अनेकांचे गुडघे कुरकुरू लागले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पेडलमध्ये पायाला थोडी मोकळीक देण्याची पद्धत रूढ झाली. पाय अडकलेला असूनही टाच डावी-उजवीकडे काही अंश हलू शकते, यालाच ‘फ्लोट’ म्हणतात.

डोंगरी सायकलसाठी हे पेडल आणले ते जपानच्या ‘शिमानो’ने, १९९० मध्ये. ‘एसपीडी’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यातील क्लीट लहान असून बुटाच्या तळव्यातील खोबणीत दडलेली असते, त्यामुळे सायकलवरून उतरून खडकांतून चालता येते. त्याच वर्षी अमेरिकेतील दुरांगो येथे डोंगरी सायकलिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि तीत उताराच्या शर्यतीचाही समावेश होता.

उतारावर पाय अडकवायचा कशासाठी?

उताराच्या शर्यतीत वर चढायचे नसते. मग पाय अडकविण्याचा लाभ काय? तो मुख्यत्वे स्थैर्याचा आहे. दगडधोंड्यांवरून सायकल भरधाव जाताना पेडल पायाखाली सतत थरथरत असते. क्लीटमुळे पाय जागचा हलत नाही आणि दर वेळी त्याची जागा शोधावी लागत नाही. पेडल जोरात मारण्याचे महत्त्व येथे दुय्यम आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातील लिओगांगच्या विश्वचषक फेरीत अमेरिकेच्या आरन ग्विनची साखळी आरंभालाच तुटली, तरीही ती शर्यत त्यानेच जिंकली!

तथापि, पाय न अडकवता जग जिंकणारेही आहेत. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सपाट पेडलवर २००६, २००७ आणि २०१० मध्ये उताराचा विश्वविजेता झाला. पुढे २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षे त्याने एन्ड्युरो प्रकाराची जागतिक मालिकाही जिंकली. सपाट पेडलवर छोट्या खिळ्यांसारखे उंचवटे असतात आणि मऊ रबराच्या तळव्याचा बूट त्यांना चिकटून राहतो. दुखापतीतून परतणाऱ्याने सपाट पेडलकडे वळणे ही पीछेहाट मानण्याचे म्हणूनच कारण नाही.

सुटताना काय घडते?

पेडलमधून पाय सोडविण्यासाठी टाच बाहेरच्या दिशेला वळवावी लागते. टाच बाहेर गेली की पायाची बोटे आत वळतात आणि गुडघ्याखालचे हाड किंचित आतल्या बाजूला फिरते. गुडघ्यातील अँटेरिअर क्रुसिएट लिगामेंट, म्हणजेच एसीएल, ज्या हालचालींना आवर घालते त्यांत हे आत फिरणेही येते. एसीएलची पुनर्रचना झालेल्या गुडघ्याला ही पिळवटणारी हालचाल म्हणूनच जपून करावी लागते. अशा शस्त्रक्रियेनंतर पिळ पडणाऱ्या खेळांकडे परतण्यास साधारणतः नऊ महिने वा त्याहून अधिक काळ थांबण्याचा सल्ला दिला जातो. नवे लिगामेंट मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगमधून घेतलेले असेल, तर अडकलेला पाय वर ओढण्याची सवयही सुरुवातीला टाळणे इष्ट असते.

घोट्याच्या बाबतीतही तसेच आहे. पाय आत मुरगळून ज्याच्या घोट्याच्या बाहेरील बाजूचे लिगामेंट दुखावले आहे, त्याच्या याच लिगामेंटवर टाच बाहेर फिरवताना ताण येतो. मनगट वा कॉलरबोन मोडलेल्या स्वाराचा धोका निराळा. त्याला पाय सोडविताना वेदना होत नाहीत; पण पाय वेळेत सुटला नाही तर तो थांबल्या जागी आडवा होतो आणि सारा भार त्याच हातावर वा खांद्यावर येतो. अशा पडण्याला वेग लागत नाही.

दुखापतीनंतर पेडल पारखताना ‘किती घट्ट धरते’ यापेक्षा ‘किती सहज आणि किती खात्रीने सोडते’ हा प्रश्न आधी विचारायला हवा, तो यासाठीच.

निवडीचे निकष

पहिला निकष स्प्रिंगच्या ताणाचा. शिमानो पद्धतीच्या पेडलमध्ये तीन मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने हा ताण कमी-अधिक करता येतो. प्रत्येक पेडलला दोन बाजू, म्हणून एकूण चार स्क्रू. चारही सारखेच फिरवले नाहीत तर पाय एका बाजूला सहज सुटेल आणि दुसऱ्या बाजूला अडेल. आरंभ सर्वांत कमी ताणापासून करावा. ‘क्रँक ब्रदर्स’च्या पेडलमध्ये ताण बदलण्याची सोय सामान्यतः नसते, हे दुबळ्या गुडघ्याच्या स्वाराने खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

दुसरा निकष सुटण्याच्या कोनाचा. टाच जितकी कमी फिरवावी लागेल तितका सांध्यावरील पीळ कमी. क्रँक ब्रदर्सच्या नेहमीच्या क्लीट उजव्या-डाव्या बुटांत अदलाबदल करून लावल्या की हा कोन १५ किंवा २० अंश होतो. फ्रान्सच्या ‘टाइम’ कंपनीच्या डोंगरी पेडलमध्ये तो १३ किंवा १७ अंश ठेवता येतो. शिमानोच्या क्लीटचे दोन मुख्य प्रकार आहेत. नेहमीची काळी क्लीट, एसएच ५१, टाच आडवी वळवल्यावरच सोडते. चंदेरी रंगाची एसएच ५६ अनेक दिशांनी आणि तिरके वर ओढल्यानेही सोडते. नवख्याला आणि घाबरलेल्याला दुसरी सोयीची वाटते. परंतु उतारावर उडी घेताना ती नको त्या क्षणी सुटू शकते आणि एक पाय अचानक सुटणे हेही अपघाताचेच निमंत्रण. सपाट वाटांवरच्या सरावासाठी ती उत्तम; वेगवान उतारासाठी मात्र कमी ताणावर ठेवलेली काळी क्लीट अधिक भरवशाची.

तिसरा निकष मोकळिकीचा. दुखावलेला सांधा आपला नैसर्गिक कोन स्वतःच शोधतो. त्याला थोडा वाव देणारे पेडल दीर्घकाळ सुखावह ठरते.

चौथा निकष पेडलच्या आकाराचा. उतारासाठी जबड्याभोवती रुंद चौकट असलेले पेडल घ्यावे. क्लीट अडकली नसतानाही त्यावर पाय टेकतो आणि चवड्यावरील दाब विभागला जातो. पायाचे हाड मोडून गेलेल्यांना हा दाब विशेष जाणवतो. त्यांनी कडक तळव्याचा बूट घ्यावा. क्लीट खोबणीत शक्य तितकी मागे, टाचेच्या दिशेने बसविल्यास पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवरील भार हलका होतो. उताराचे अनेक स्वार एरवीही ती मागेच बसवितात.

पाचवा निकष चिखलाचा, आणि सह्याद्रीत पावसाळ्यात सायकल चालविणाऱ्या पुणे-मुंबईकरांसाठी तो गौण नाही. काळ्या मातीचा चिकट गोळा क्लीटमध्ये बसला की पाय अडकत नाही आणि अडकलेला सुटतानाही अडखळतो. क्रँक ब्रदर्सच्या चार पात्यांच्या मोकळ्या रचनेतून चिखल सहज निसटतो. मात्र तिची पितळी क्लीट शिमानोच्या पोलादी क्लीटपेक्षा लवकर झिजते. घसरड्या दिवशी अनेक जाणते स्वार सरळ सपाट पेडल लावतात.

स्क्रू आणि सराव

उत्तम पेडलही एका ढिल्या स्क्रूमुळे घातक ठरू शकते. क्लीट दोन स्क्रूंवर बसते. त्यांतील एक गळून पडला तर बूट फिरवल्यावर क्लीट जागेवरच राहते, बूट तिच्याभोवती फिरतो आणि पाय सुटतच नाही. शिमानोच्या क्लीटचे स्क्रू पाच ते सहा न्यूटन-मीटर इतके आवळावेत आणि दर काही फेऱ्यांनंतर तपासावेत. बुटाचे रबर पेडलच्या चौकटीला घासत असेल तरीही सुटणे जड होते. तेव्हा क्लीटखाली पातळ चकती घालावी किंवा चौकटीवरचे खिळे कमी करावेत.

यानंतर सराव. भिंतीला धरून, सायकलवर बसून, प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवावा आणि सोडवावा. मग हिरवळीवर, मग सौम्य उतारावर. ज्याचा डावा गुडघा दुखावला आहे त्याने थांबताना उजवा पाय आधी सोडविण्याची सवय लावावी; जुनी सवय मोडण्यास काही आठवडे लागतात. सुटताना सांध्यात कळ आली तर सराव तेथेच थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवावे. त्याला पेडल आणि बूट प्रत्यक्ष दाखविल्यास सल्ला अधिक नेमका मिळतो.

सपाट पेडलवर काही महिने, नंतर कमी ताणाचे रुंद क्लिपलेस पेडल आणि आत्मविश्वास परतल्यावर हळूहळू वाढविलेला ताण, हा क्रम बहुतेकांसाठी शहाणपणाचा आहे. परतीची घाई स्वाराला असते, सांध्याला नसते. आणि पाय सुटेल की नाही, ही शंका मनात असताना उतार उतरणारा स्वार समोरच्या वाटेकडे पाहत नाही, तो आपल्या पायांकडे पाहत असतो. शंका उरली असेल तर त्या दिवशी सपाट पेडलच लावावे.