वऱ्हाड निघालं परदेशी, पण कोणत्या व्हिसावर?

भाचीचं लग्न लंडनला, म्हणून अर्जात ‘मॅरेज व्हिजिटर’ निवडणारे मामा-मामी चुकतात. तो व्हिसा तिथे जाऊन स्वतः बोहल्यावर चढणाऱ्यांचा. पाहुण्यांनी ‘स्टँडर्ड व्हिजिटर’साठीच अर्ज करायचा, तोही प्रवासाच्या ३ महिन्यांहून आधी करता येत नाही.

अमेरिकेसाठी बी-२. लग्नपत्रिका सोबत जरूर न्यावी, पण सारी भिस्त तिच्यावर ठेवू नये. मुलाखत घेणारा अधिकारी पाहतो ती परतण्याची कारणं: ऑफिसची मंजूर रजा, शाळेत जाणारी मुलं, गावचं दुकान. लग्न कोणाचं, कुठे, मुक्काम किती, या प्रश्नांना काका आणि काकूंची उत्तरं वेगवेगळी आली की शंका येणारच. तेव्हा आदल्या दिवशी घरात एकदा बोलून घ्यावं. आणि १० वर्षांचा व्हिसा म्हणजे १० वर्षांचा मुक्काम नव्हे. किती दिवस राहायचं ते अमेरिकेत उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो.

इटलीतल्या लग्नाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज ६ महिने आधीपासून घेतात. किमान ३०,००० युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा सक्तीचा, अगदी आजी-आजोबांनाही.