रिक्त मूल्यांची तपासणी

संगणकाच्या आज्ञावलीत एखाद्या चलाला मूल्य मिळाले आहे की नाही आणि मिळाले असल्यास ते रिते तर नाही ना, हे त्या मूल्याचा उपयोग करण्यापूर्वी स्पष्ट अट घालून पडताळून पाहण्याच्या रीतीस रिक्त मूल्यांची तपासणी म्हणतात. या संदर्भात तीन स्थिती वेगळ्या मानाव्या लागतात : (१) मूल्य उपलब्धच नाही, (२) मूल्य आहे, पण ते रिते आहे, उदा., एकही अक्षर नसलेली अक्षरमाला किंवा एकही घटक नसलेली सूची. (३) मूल्य आहे आणि ते शून्य आहे. शून्य ही संख्या आहे [→ शून्य]. मूल्याचा अभाव ही संख्या नव्हे. या तीन स्थितींची गल्लत झाल्यास आज्ञावली मध्येच बंद पडते किंवा बंद न पडता चुकीचे उत्तर देते. दुसरा प्रकार अधिक घातक होय, कारण तो लक्षात येत नाही.

स्वरूप : वर्धा जिल्ह्यातील केळझर येथे पाच दिवसांचा पाऊस नोंदविला आहे, असे उदाहरणादाखल मानू. नोंदी अनुक्रमे १२, ०, कोरी, ८ व ० मिमी. अशा आहेत. दुसऱ्या व पाचव्या दिवशी पाऊस पडला नाही. तिसऱ्या दिवशी मोजणीच झाली नाही. मोजणी झालेल्या चार दिवसांची सरासरी ५ मिमी. येते. कोरी नोंद शून्य धरल्यास ती ४ मिमी. होते. आज्ञावलीने शून्यालाही ‘काही नाही’ असे समजून वगळल्यास केवळ दोनच दिवस उरतात व सरासरी १० मिमी. होते. पर्जन्यमानाच्या संचिकांत गहाळ नोंदीच्या जागी −९९९ सारखी खुणेची संख्या लिहिण्याचा प्रघात आहे. ती न तपासता बेरजेत घेतल्यास सरासरी −१९५·८ मिमी. निघते. शेवटचे उत्तर उघडच अशक्य असल्याने चूक ध्यानात येते. ४ व १० ही उत्तरे मात्र संभवनीय दिसतात आणि त्यांवरून टंचाई वा नुकसानभरपाई यांविषयीचे निर्णय घेतले जाऊ शकतात.

हाच भेद जनगणनेतही आढळतो [→ जनगणना]. विदर्भाच्या महसुली दप्तरात वस्ती उठून गेलेल्या गावांस ‘रिठी’ म्हणतात. अशा गावाचे नाव व शिवार दप्तरात कायम राहते, पण तेथील लोकसंख्या शून्य असते. ही मोजून मिळालेली शून्य संख्या होय. याउलट १९८१ मध्ये आसामात व १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना होऊ शकली नाही. तेथे लोक होते, पण आकडा नव्हता. म्हणून राष्ट्रीय बेरजेत अंदाजित संख्या घ्याव्या लागल्या. आज्ञावलीने रिठी गाव व न मोजलेला प्रदेश यांना एकच मानले, तर एकीकडे खरी माहिती नष्ट होते व दुसरीकडे खोटी निर्माण होते.

इतिहास : ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५ मध्ये ‘ॲल्गॉल-डब्ल्यू’ या भाषेसाठी ‘नल’ म्हणजे कशाकडेही निर्देश न करणारा निर्देशक योजिला. तो अंमलात आणणे सोपे असल्यामुळे पुढील अनेक भाषांनी उचलला; परंतु अशा निर्देशकाच्या मागे वस्तू आहे असे गृहीत धरल्यामुळे असंख्य आज्ञावल्या कोसळल्या. २००९ मध्ये होर यांनी स्वतःच या योजनेस शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले. माहितीसंचांच्या क्षेत्रात एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले आणि १९७९ मध्ये रिक्त मूल्यांसाठी त्रिमूल्य तर्कशास्त्राचा विचार केला. पुढे त्यांनी ‘अज्ञात’ व ‘लागू नाही’ असे दोन भेदही सुचविले. विवाहित व्यक्तीचे विवाहसमयीचे वय नोंदले गेले नसेल, तर ते अज्ञात असते. अविवाहित व्यक्तीस तो प्रश्नच लागू होत नाही.

भाषांतील रीती : माहितीसंचांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एस्क्यूएल’ या भाषेत रिक्त मूल्याची तुलना कशाशीही, अगदी दुसऱ्या रिक्त मूल्याशीही केली तरी उत्तर सत्य वा असत्य न येता ‘अज्ञात’ येते. म्हणून नेहमीचे समतेचे चिन्ह तेथे निरुपयोगी ठरते व ‘इज नल’ ही खास अट लिहावी लागते. अपूर्णांकी गणिताच्या १९८५ च्या ‘आयईईई ७५४’ या मानकातील ‘नॅन’ (संख्या नव्हे) हे मूल्यही स्वतःच्या बरोबर नसते. ‘पायथॉन’मध्ये ‘नन’, शून्य, रिती अक्षरमाला व रिती सूची ही सर्व साध्या अटीत असत्य ठरतात. त्यामुळे मूल्याचा अभावच शोधावयाचा असल्यास ‘इज नन’ असे स्पष्ट लिहिणे आवश्यक असते. ‘जावास्क्रिप्ट’मध्ये ‘नल’ व ‘अनडिफाइन्ड’ असे अभावाचे दोन प्रकार आहेत.

अलीकडील भाषांत ही जबाबदारी अंशतः भाषांतरकाकडे (आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाकडे) सोपविली आहे. ‘कॉटलिन’मध्ये रिक्त असू शकणारा व नसू शकणारा असे चलांचे वेगळे प्रकार मानतात. ‘रस्ट’मध्ये ‘ऑप्शन’ या प्रकारामुळे मूल्य असण्याची व नसण्याची, अशा दोन्ही शक्यतांचा विचार केल्याखेरीज आतील मूल्य सहजी हाती येत नाही. ‘जावा’मध्ये २०१४ साली ‘ऑप्शनल’ची भर पडली.

मर्यादा : प्रत्येक ओळीत तपासणी केल्यास आज्ञावली बोजड होते व मूळ हेतू झाकला जातो. यासाठी माहिती बाहेरून आत येते त्या ठिकाणीच तपासणी करून पुढील भागांस निश्चित मूल्ये देणे श्रेयस्कर मानले जाते. १२ जून २०२५ रोजी ‘गूगल क्लाउड’च्या सेवा जगभर खंडित झाल्या, धोरणविषयक नोंदीतील काही रकाने कोरे राहिले होते आणि ती नोंद वाचणाऱ्या आज्ञावलीत या स्थितीसाठी तरतूद नव्हती, हे त्याचे कारण होते. तपासणीत अभाव आढळल्यावर काय करावयाचे, म्हणजे नोंद वगळावयाची, अंदाज घालावयाचा की काम थांबवावयाचे, हे मात्र संगणक ठरवू शकत नाही. ते त्या विषयाच्या जाणकाराने ठरवून आज्ञावलीत स्पष्ट लिहावे लागते.