माणसं किती, यावरून पुढचा खेळ

गोव्यातल्या पेडण्यात देवळाचा काला, म्हणजे जत्रा, असली की दशावतारी नाटक उभं राहायच्या तासभर आधी रंगपटाच्या दाराशी आठ-दहा जण हमखास घुटमळताना दिसतात. ऑम्लेट-पाव खाऊन झालेला असतो, खाज्याच्या दुकानांवरची गर्दी ओसरायला लागलेली असते आणि पालखी अजून यायची असते. दारावर बांधलेली चादर जरा सरकली की आतलं दिसतं. नटमंडळी जमिनीवर मांडी घालून बसलेली, प्रत्येकाच्या पुढ्यात उघडी ट्रंक, हातात आरसा, तळहातावर सफेदा आणि पिवडी कालवलेली. दशावतारात रंगभूषाकार नसतो, ज्याचा त्याने चेहरा रंगवायचा. दारातले जाणते तेवढ्यावरून रात्रीचं नाटक वाचायला लागतात.

हे वाचन मी बरीच वर्षं बघत आलो आहे. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. मंडळीतला जाणता माणूस आख्यान सांगतो, कोणाचा कोणता पार्ट ते ठरतं, प्रवेश कोणत्या क्रमाने यायचे ते ठरतं. बोलायचं काय, ते ज्याचं त्याने बाकड्यापाशी गेल्यावर बघायचं. आख्यान पुराणातलं असेल तर शेवट सगळ्यांनाच ठाऊक असतो. पण हल्ली काल्पनिक आख्यानंही जोरात चालतात. राजा, राक्षस, शाप, नागकन्या, सगळं नव्याने रचलेलं. तिथे पुराण वाचून आलेल्याचाही उपयोग नाही. पुढं काय होणार हे ओळखायचं तर समोर जे दिसतंय त्यावरूनच.

माझ्या ओळखीचे एक आबा यात वाकबगार. वय ऐंशीच्या आसपास, कानाला कमी ऐकू येतं, नजर मात्र शाबूत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "माणसां किती?" किती नट आलेत ते मोजायचं. दहा-बारा माणसांत आख्यान बसवायचं तर कोणाला तरी दोन पार्ट करावे लागणार, आणि ज्याचे दोन पार्ट ती दोन पात्रं समोरासमोर यायची नाहीत. मग तलवारबाजीचे गडी किती ते बघायचं. पखवाजाच्या ठेक्यावरचं युद्ध हा दशावताराचा मोठा खाऊ, आणि तो दमसासाचा धंदा आहे. राजपार्ट करणाऱ्याचा आवाज बसलाय का? म्हणजे आज गाणी स्त्रीपार्टाकडे जाणार. ट्रिकसीनची, म्हणजे रंगमंचावरच्या चमत्कारांची, पेटी टेम्पोतून उतरली का? उतरली असेल तर ती वापरल्याशिवाय मंडळी परत जाणार नाही.

एकदा त्यांनी असंच दारातून डोकावून खलपार्टाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हो आज मरचो ना." मी विचारलं, का? "हाका मारतलो कोण? तलवारीचो गडी एकूच." आणि त्या रात्री राक्षस खरोखरच मेला नाही. नारदाने मध्यस्थी केली, राक्षसाला आपल्या पूर्वजन्माची आठवण झाली आणि तो राजाच्या पायावर पडला. भोवतालचे लोक टाळ्या वाजवत होते ते नारदाच्या चातुर्याला. आबांना ते चातुर्य खेळ उभा राहायच्या आधीच दिसलं होतं, आणि ते नारदाचं नव्हे तर मंडळीच्या मालकाचं होतं.

या भागाला दशावताराची ही जाण कुठून आली, त्याचं उत्तर नकाशात आहे. पेडणे महाल 1788 पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचा. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षं पोर्तुगीजांकडे गेल्या. राज्य बदललं तरी सोयरिकी आणि देवदेवता तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर तशाच राहिल्या. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळकडच्या मंडळ्या आजही तुळशीच्या लग्नानंतर पेडण्यात उतरतात. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, चेंदवणकर ही नावं इथल्या पोराबाळांना तोंडपाठ असतात. आता मोप्याच्या विमानतळाकडे उतरणारं विमान मंडपावरून जातं तेव्हा दशावतारातला विनोदी संकासुर वर बघून त्याच्यावर एखादी कोटी करतो, एवढाच फरक.

हे सगळं सांगायचं कारण माझा भाचा. तो डिचोलीत कॉलेजात आहे, आणि त्याच्या मित्रमंडळींत अंदाज बांधण्याचं हेच काम वेगळ्या मंडपात चालतं. त्यांचं आख्यान म्हणजे 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने केलेला हा व्हिडिओ गेम 2020 मध्ये आला. ऑगस्टमध्ये निन्टेंडो स्विचवर, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या जत्रेत असुर येतात आणि तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि भाऊ शोधत ती महाबलासुरापर्यंत जाते. सगळा वेळ दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल आपसात बोलत असतात. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या प्रयत्नातल्या उत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. एक तक्रार मात्र अनेकांची होती: पाच-सहा तासांत खेळ आटोपतो आणि शेवट मध्येच तुटतो.

तुटलेल्या शेवटावरच अंदाजांचं पीक येतं. पुढचा भाग 'राजी: कलियुग' या नावाने जाहीर झाला तेव्हापासून भाच्याच्या वहीची पानं भरत गेली. ती वही मी बघितली आहे. डावीकडे पहिल्या भागातलं एकेक दृश्य, भिंतीवरची चित्रं, देवांच्या तोंडचं एखादं वाक्य. उजवीकडे त्याचा अर्थ. मध्ये बाण. मित्रांपैकी एकाचं काम नव्या भागाची झलक थांबवत थांबवत बघायचं, दुसऱ्याचं काम पुराणातला दाखला काढायचा, तिसऱ्याने प्रत्येक अंदाजावर शंका घ्यायची. रविवारी दुपारी हे चौघे डिचोलीच्या एका घरात पंखा मोठा करून बसतात आणि चार सेकंदांच्या एका दृश्यावर तास तास घालवतात. दृश्य पुढे सरकवताना बोट आणि श्वास दोन्ही रोखलेले असतात. कोणी म्हणतं, मागे दिसतंय ते देऊळ. दुसरा म्हणतो, गोपूर. तिसरा खाली बसून मोबाइलवर देवळांचे फोटो शोधतो आणि शिखराचे थर मोजायला लागतो.

काम मन लावून केलेलं होतं, यात शंका नाही. पण त्यातले बरेचसे अंदाज कोणत्या जातीचे आहेत ते ओळखायला मला एक जुनं उदाहरण उपयोगी पडलं. या प्रकारचा एक मोठा प्रयोग 'झेल्डा' या जपानी खेळमालिकेवर झाला. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' 2017 च्या मार्चमध्ये आला. त्याच्या पुढच्या भागाची झलक 11 जून 2019 रोजी दाखवली गेली. त्यानंतर नाव कळायला 13 सप्टेंबर 2022 उजाडलं आणि 'टिअर्स ऑफ द किंगडम' हातात पडला 12 मे 2023 ला. मध्यंतरी, नाव सांगितलं तर कथेचा सुगावा लागेल, असं कंपनीनेच म्हटलं होतं. जवळजवळ चार वर्षं जगभरच्या खेळाडूंकडे दीड-दोन मिनिटांच्या झलकींशिवाय फारसं काही नव्हतं. त्यांनी झलकीतला आवाज उलटा वाजवून ऐकला, भिंतीवरची अक्षरं मोठी करून पाहिली.

निकाल मजेशीर लागला. झलकीत राजकन्या झेल्डाचे केस कापलेले दिसले, ती नायकाबरोबर तळघरात चालताना दिसली, म्हणून या वेळी तिच्या भूमिकेत खेळता येणार असं हजारोंनी ठरवून टाकलं. तसं काही झालं नाही. तिला खेळवायला मिळालं ते 2024 च्या वेगळ्याच खेळात. उलट पहिल्या भागाच्या नकाशावर जंगलात काही अवशेष होते, झोनाई नावाच्या लुप्त लोकांचे. त्यांच्याबद्दल खेळात जवळजवळ काहीच सांगितलं नव्हतं. काही जण म्हणत होते की पुढची गोष्ट त्या लोकांची असणार. ती निघाली. आणि जमिनीखाली वरच्या नकाशाएवढंच विस्तीर्ण अंधारं जग आहे, याचा मात्र जाहिरातींत पत्ता लागू दिला नव्हता.

पहिला अंदाज का चुकला आणि दुसरा का बरोबर आला? पहिल्याच्या मागे इच्छा होती. लोकांना झेल्डा खेळायला हवी होती, त्यामुळे कापलेल्या केसांत त्यांना पुरावा दिसला. दुसरा अंदाज करणाऱ्यांनी कारागिराच्या जागी बसून विचार केला: एवढे अवशेष कोणी तरी मेहनतीने घडवून ठेवलेत आणि वापरलेले नाहीत. तोच प्रदेश पुन्हा वापरायचा असेल तर आधी हात कुठे जाईल? न वापरलेल्या ट्रिकसीनच्या पेटीकडेच.

दशावतारात अंदाज रात्री अकराला बांधला की पहाटेपर्यंत त्याचा सोक्षमोक्ष लागतो. चुकलात तर शेजारचा तिथल्या तिथे टोमणा मारतो, आणि पुढच्या काल्याला तुम्ही जपून बोलता. खेळाच्या पुढच्या भागाला वर्षं लागतात. तेवढ्या वेळात अंदाजाला कोणी खोटं पाडत नाही, इच्छा मात्र फोफावत जाते. मग खेळ हातात येतो तेव्हा तो चांगला असूनही कोणी तरी फसवल्यासारखं तोंड करून बसतं. त्याला जे वचन मोडल्यासारखं वाटतं ते कंपनीने दिलेलं नसतं, त्याच्याच वहीतलं असतं.

गेल्या मोसमात भाचा सुट्टीला पेडण्यात आला तेव्हा आम्ही काल्याला गेलो. मंडपाबाहेर वाट बघत असताना त्याने आबांना मोबाइलवर राजी दाखवली. आबांनी ती शांतपणे पाहिली. त्रिशूळ फिरवण्याची ढब त्यांना पसंत पडली. दुर्गा आणि विष्णू नुसते बोलतात, समोर फारसे येत नाहीत, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. मधल्या कथाप्रसंगांत छायाबाहुल्या आल्या तेव्हा म्हणाले, हे पिंगुळीवाल्यांचं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात; 2021 साली परशुराम गंगावणे यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली. मग आबांनी भाच्याला विचारलं, "करणारीं माणसां किती?"

भाच्याकडे त्याचं उत्तर होतं, पण त्याचा उपयोग त्याने कधी केला नव्हता. थोडीच माणसं. 2017 मध्ये लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. एवढं कळल्यावर आबांचं गणित जमलं. माणसं थोडी, म्हणून देवांना चेहरा देण्याऐवजी आवाज दिला. चालत्याबोलत्या पात्रांचे लांब प्रवेश महाग पडतात, म्हणून कथा बाहुल्यांवर सोपवली. भाऊ पळवला गेला, म्हणजे शेवटापर्यंत त्याला रंगमंचावर आणायची गरज नाही. एका जाणत्याने टंचाईतून काढलेल्या वाटा दुसऱ्या जाणत्याने ओळखल्या. हे त्या कंपनीचं म्हणणं नव्हे, आमचा तर्क आहे. पण भिंतीवरच्या चित्रांत गूढ अर्थ शोधण्यापेक्षा तो खूपच टणक तर्क आहे.

त्यानंतर वहीत दोन रकाने पडले, 'अंदाज' आणि 'इच्छा'. भाऊ या वेळी मोठं काम करणार, हे अंदाजात गेलं, कारण त्याला पडद्याआड ठेवण्याची युक्ती पुन्हा चालायची नाही. लढाईला जास्त प्रकार येणार, हेही अंदाजात, कारण दुसऱ्या खेपेला येणारी मंडळी पहिल्यापेक्षा भरलेली पेटी घेऊन येते. कोकणातली देवळं दिसणार, संकासुर येऊन मालवणीत बोलणार, हे मात्र इच्छेत गेलं. त्यावर चौघांपैकी एकाने बरीच हुज्जत घातली.

राहिला कल्की. नाव कलियुग, कथेत विष्णू, आणि विष्णूचा दहावा अवतार अजून यायचा आहे. डिचोलीच्या त्या घरात हा अंदाज इतका पक्का होता की त्यावर पैजा लागल्या होत्या. भाच्याने तो आबांपुढे ठेवला तेव्हा आतून पखवाजाला कणीक लावून बोल तपासणं चाललं होतं. आबा म्हणाले, कल्की आला की युग संपतं. ज्या मंडळीला पुढच्या वर्षाचं बुकिंग हवंय ती युग कशाला संपवेल?

भाच्याला हे पटलं, पण सोडवेना. त्याने कल्कीवर काट मारली नाही. 'अंदाज' या रकान्यातून उचलून 'इच्छा' या रकान्यात ठेवला, आणि तिसरा भाग निघाला तर तिथे पुन्हा बघू, असं बाजूला लिहिलं.