सा रे ग म... आणि सेंड!

शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. ओवे गाव. एकीकडे खारघरचे टॉवर्स, दुसरीकडे गावातली जुनी घरं. देवळात भजनाची तयारी चाललीय, पखवाज लागतोय. आणि पहिल्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये आमच्या बाई तानपुरा लावतायत. म्हणजे काय, तर मोबाइल स्पीकरला जोडून ॲपवर ‘काळी चार’ सिलेक्ट करतायत!

दचकलात ना? मीसुद्धा. याच बाईंनी सोळा वर्षांपूर्वी पेटीवर माझ्याकडून अलंकार घोटून घेतले होते. मध्यमा प्रथम झाली, दहावी आली आणि क्लास सुटला. मग कॉलेज, मासकॉम, डेडलाइन्स... तुमचीही स्टोरी साधारण अशीच असणार! गेल्या वर्षी पुन्हा गेले, तर क्लास अर्धा रिकामा. दहावी आली की गळती, हे चित्र काही बदललेलं नाही. बदलल्या त्या बाई.

‘हे असलं शिकवणं परंपरेत बसतं का?’ असं कुणी नाक मुरडलं तर त्यांना थोडा इतिहास सांगा. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गुरूच्या घरातलं गाणं वर्गात आणलं. त्या काळातलं स्टार्टअपच म्हणा ना! पं. भातखंड्यांनी बंदिशी जमवून, स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तकांतून सगळ्यांच्या हाती दिल्या. पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत म्युझिक स्कूल सुरू केलं. वेगवेगळ्या घराण्यांचे गवई तिथे यायचे, मुलं ऐकायची. कुमार गंधर्व तिथेच घडले. थोडक्यात, नवं करून बघणं हीच खरी परंपरा!

बाईंच्या क्लासमधल्या या काही आयडिया. शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी, दोघांनीही ट्राय कराव्यात अशा.

खिशातला तानपुरा : आयतबला प्रोसारख्या ॲपमध्ये तानपुरा आणि ठेका दोन्ही मिळतात. पट्टी एकदा ठरवा, रोज बदलू नका. स्पीकर लावा, फोनच्या आवाजात खर्ज ऐकूच येत नाही. आणि कधीतरी मिरजेचा खरा तानपुरा मांडीवर घेऊन बघा. २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन का मिळालं, ते कानाला आपोआप कळेल.

तान स्लो मोशनमध्ये : यूट्यूबवर प्लेबॅक स्पीड पाऊणपट करा. लय उतरते, पट्टी तीच राहते. न उमगलेली जागा सुटी होऊन कानावर येते.

ऑनलाइन क्लासची गोम : झूमला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि ते तो चक्क कापून टाकतं! सेटिंगमध्ये जाऊन ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा. आवाज पोचायला उशीर होतो, त्यामुळे एकत्र गाणं जमणारच नाही. बाईंनी म्हणायचं, आपण ऐकायचं, मग आपण म्हणायचं. तानपुरा शिष्याकडे वाजू द्या.

वही मस्ट : पीडीएफ नको, बंदीश हाताने लिहा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारला वर. भातखंडे पद्धतीच्या या चार खुणा आल्या की अर्धं काम झालं.

ऐकायचा तास : महिन्यातून एकदा गायचंच नाही! एकच राग, तीन गायक. काय वेगळं वाटलं, ते प्रत्येकाने सांगायचं. थेट देवधर स्टाइल.

परीक्षा द्यायचीय? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ऑफिस आपल्या वाशीतच आहे. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या, परीक्षा वर्षातून दोनदा. अभ्यासक्रम ठरलेला, त्यामुळे नव्या शिक्षकांनाही तो आयता आराखडा.

आता मुद्द्याची गोष्ट. जूनमध्ये एका मुलाची आई आली. ‘बाई, यंदा दहावी आहे, वर्षभर क्लास बंद ठेवू या.’ माझ्या आईचंच वाक्य! तेव्हा बाई गप्प बसल्या होत्या, यावेळी बसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘क्लासला नका पाठवू. रोज पंधरा मिनिटं गाऊ दे आणि रेकॉर्ड करून मला व्हॉट्सॲप करू दे. फी नको.’

तेव्हापासून रात्री दहाच्या सुमारास बाईंच्या फोनवर भूप वाजतो. कधी पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज, कधी कुकरची शिट्टी. पण गाणं सुटलेलं नाही.

गंधार चढला, हे पिच दाखवणारं ॲपही सांगतं. त्या दिवशी बाईंनी मला रिप्लाय दाखवला. ‘ग चढतोय. गणिताचं टेन्शन आलंय का? रविवारी नुसता ये, चहा पिऊ.’

असला रिप्लाय देणारं ॲप अजून तरी मिळालेलं नाही, बॉस. तुमच्या जुन्या बाईंचा नंबर आहे ना? मग वाट कसली बघताय!