कॉलेजचा इतिहास ताळेबंदात

गोरेगावच्या फिल्म सिटीत सिनेमा शिकवणारं व्हिसलिंग वूड्स २००६ साली सुरू झालं. ते चालवते सुभाष घईंच्या मुक्ता आर्ट्सची उपकंपनी. जमीन मात्र सरकारी महामंडळाची, २० एकर. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने तो करार रद्द केला: रिकामी जमीन लगेच द्या, इमारतीची जुलै २०१४ पर्यंत. फी भरून बसलेल्या मुलांचं काय झालं असेल, विचार करा! पुढे भाडं भरण्याच्या अटीवर दिलासा मिळाला, कॉलेज तिथेच राहिलं.

हे सगळं शोधायचं कुठे? स्मरणिकेत तोटा कोण छापतंय! मुक्ता आर्ट्स शेअर बाजारात नोंदलेली आहे, म्हणून वार्षिक अहवाल काढा. उपकंपनीचे आकडे, कोर्टकज्जे त्यात द्यावेच लागतात. मी आधी ऑडिटरच्या टिपा वाचतो, अध्यक्षांचं मनोगत नंतर.